ग्रँटसाहेबांनी बंद केलेली ग्रँट

इतिहास हा दोन प्रकारच्या माणसांनी घडवला, असे माझे प्रामाणिक मत आहे. एक, लढाया करणारे. आणि दुसरे, त्या लढायांवरचे पेपर तपासणारे. पहिल्यांनी राज्ये मिळवली आणि घालवली. दुसऱ्यांनी दहापैकी साडेचार दिले. पहिल्यांचे पुतळे चौकाचौकांत आहेत. दुसऱ्यांची उत्तरपत्रिकेवर एक लफ्फेदार सही तेवढी उरते, आणि वाचता येईल अशी सही करणारा परीक्षक माझ्या तरी पाहण्यात नाही. (सह्यांच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही. गेली वीस वर्षे बँकेत लोकांच्या सह्या जुळवूनच मी पोट भरतो आहे.)

वास्तविक मी कॉमर्सचा माणूस. इतिहासाशी माझे संबंध दहावीनंतर संपले, आणि तेव्हाही ते फारसे सलोख्याचे नव्हते. पण मार्क हा शेवटी हिशेब आहे, आणि हिशेब म्हटला की आमच्यासारख्याला गप्प बसवत नाही. तेव्हा लढाया थोरामोठ्यांसाठी सोडून देऊन, इतिहासाच्या पेपरांना मार्क कसे मिळत आले याचा थोडासा इतिहास सांगावा म्हणतो.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली. वर्ष बघा! तिकडे उत्तरेत तोफा धडधडत होत्या आणि इकडे मुंबईत सरकार परीक्षेच्या तयारीला लागले होते. इंग्रजाच्या थंड डोक्याचा याहून मोठा पुरावा मला तरी देता येणार नाही. मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली १८५९ साली. बसले १३२, पास झाले २२. म्हणजे बरोब्बर सहांत एक. आज एखाद्या शाळेचा असा निकाल लागला तर पालक हेडमास्तरांना घराबाहेर पडू देणार नाहीत. त्या वेळी मात्र त्या बावीस जणांकडे लोक नवलाने बघत असले पाहिजेत. त्या बाविसांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशी दोन नावे होती. दोनच नावांत अख्ख्या परीक्षेचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

रानडे मूळचे निफाडला जन्मलेले, कोल्हापुरात वाढलेले. मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये ते शिकले आणि १८६२ साली बी. ए. झालेल्या अगदी पहिल्या तुकडीत होते. वाचन असे, की पुढे डोळ्यांनी तक्रार केली. या विशीतल्या मुलाने कॉलेजात असताना एक निबंध लिहिला. त्यात मराठ्यांच्या राज्याची आणि इंग्रजांच्या राज्याची तुलना केली. आता तुलना म्हटली की तराजूचे एक पारडे खाली जाणारच. रानड्यांच्या तराजूत जड निघाले ते मराठ्यांचे.

त्या वेळी एल्फिन्स्टनवर होते सर अलेक्झांडर ग्रँट. माणूस साधासुधा नव्हे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा गाढा अभ्यासक, त्यावर ग्रंथ लिहिलेला. न्याय म्हणजे काय, विवेक म्हणजे काय, हे सगळे मूळ ग्रीकमधून पाठ. चरित्रकार सांगतात ते असे की, हा निबंध वाचून ग्रँटसाहेबांनी रानड्यांना समोर बोलावून घेतले आणि सुनावले: जे सरकार तुला शिकवते आहे, तुझ्या लोकांसाठी एवढे करते आहे, त्याला असे कमी लेखायचे तुला काही कारण नाही. आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली.

हिंदुस्थानात पुढे पुष्कळांच्या ग्रँटी बंद झाल्या. शाळांच्या झाल्या, नगरपालिकांच्या झाल्या, नाट्यगृहांच्या तर दरसाल होतात. पण साक्षात ग्रँटने बंद केलेली ग्रँट ही एकच असावी.

आमच्या बँकेच्या भाषेत याला खाते गोठवणे म्हणतात. पण खाते गोठवताना आम्हाला कारण लिहावे लागते, आणि ते कारण खात्याशी संबंधित असावे लागते. इथे निबंधातली एखादी सनावळी चुकली होती, असे कुणी म्हटलेले नाही. अक्षर वाईट होते, असेही नाही. मुद्दा विषयाला सोडून होता, समारोप नव्हता, शुद्धलेखन कच्चे होते, यांतले काहीच नाही. चूक एकच. उत्तर बरोबर असो की नसो, साहेबाला ते आवडले नाही.

आणि आता गंमत पाहा. याच रानड्यांची इतिहासाची उत्तरपत्रिका परीक्षेत इतकी उत्तम उतरली की ती नमुना म्हणून याच ग्रँटसाहेबांनी थेट एडिंबरोला पाठवली, असेही तीच चरित्रे सांगतात. म्हणजे विद्यार्थी तोच, विषय तोच, वाचणारा साहेबही तोच. एका लिखाणाला सहा महिन्यांचा दंड आणि दुसऱ्याला बोटीचा प्रवास! एका हाताने डेबिट आणि दुसऱ्या हाताने क्रेडिट, आणि खातेदाराने मधे उभे राहून शिल्लक किती ते ज्याचे त्याने समजून घ्यायचे.

रानड्यांच्या जागी मी असतो तर पुढचे निबंध राणीच्या राज्यात रेल्वे कशी आली या विषयावर लिहिले असते आणि थकबाकीसह शिष्यवृत्ती उचलली असती. सुदैवाने ते मी नव्हतो.

त्या काळच्या विद्यार्थ्यापुढे मराठ्यांच्या इतिहासाचे पुस्तक म्हणून होते तरी काय? पुन्हा एक ग्रँटच! जेम्स ग्रँट डफ. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेला हा माणूस. त्याचा मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास १८२६ साली निघाला आणि पुढे त्याची मराठीत बखरही झाली. माणूस कष्टाळू होता, कागदपत्रे त्याने पुष्कळ पाहिली, हे कबूल केले पाहिजे. पण मराठ्यांची सत्ता म्हणजे सह्याद्रीतल्या रानाला लागलेल्या वणव्यासारखी; गवत वाळलेले होते, ठिणगी पडली, पेटले, असा त्याच्या मांडणीचा रोख. वणव्याला काही कर्तृत्व लागत नाही. तेव्हा पेपरात ‘वणवा’ लिहिणारा पास आणि ‘कर्तृत्व’ लिहिणारा साहेबाच्या खोलीत, अशी ती व्यवस्था होती.

तरी पुण्याच्या कॉलेजातल्या नीलकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या एका तरुणाने १८६७-६८ च्या सुमारास कमाल केली. त्याने ग्रँट डफच्या बखरीवर टीकाच लिहिली, सभेत वाचली आणि छापलीसुद्धा. इथे डफने हे पाहिले नाही, तिथे ते चुकले, असे एकेक काढून दाखवले. आजवर पुस्तकाने विद्यार्थ्याची परीक्षा घेतली होती; या पोराने पुस्तकालाच परीक्षेला बसवले आणि लाल शाई हातात घेतली. मराठीतल्या इतिहाससंशोधनाची गोष्ट सांगणारे लोक पुष्कळदा इथून सुरुवात करतात. म्हणजे आमच्याकडे इतिहाससंशोधन सुरू झाले ते फेरतपासणीच्या अर्जातून, असे म्हणायला हरकत नाही.

हे सगळे मुंबई-पुण्याचे झाले. आमचा धाराशिव जिल्हा या बाबतीत मागे होता असे कुणी समजू नये. १८५३ साली निजामाने कर्जापायी काही मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्यात वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा भागही होता. (कर्ज थकले की तारण जाते, हे आम्ही कर्जदारांना रोज सांगतो, त्यांना पटत नाही. निजामाचे उदाहरण देत चला, असे मी मॅनेजरसाहेबांना सुचवले आहे.) १८६० साली हा भाग निजामाला परत मिळाला. मधल्या काळात इथला कारभार पाहायला आला कर्नल मेडोज टेलर. ठगाची कबुली लिहून विलायत गाजवलेला तोच. मुक्काम नळदुर्गला. तुळजापूरच्या परिसरावर त्याने ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली हे पुष्कळांना ठाऊक असते. पण याच टेलरने १८७० साली खास विद्यार्थ्यांसाठी हिंदुस्थानच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तक लिहिले, हे आमच्या गावात सांगितले तर लोक ‘असं का!’ म्हणून चहा सांगतात. म्हणजे नळदुर्गच्या बोरी नदीचे पाणी प्यालेल्या माणसाने गाईड लिहिण्याची परंपरा इथे दीडशे वर्षांची आहे.

निजामाच्या अमलात मार्कांचा प्रश्न आणखीच सोपा झाला. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, शिक्षणाचे माध्यम उर्दू. देशी भाषेतून उच्च शिक्षण द्यायचे, ही कल्पना त्या काळी मोठी धाडसाची होती, हे मान्य. फक्त ती देशी भाषा आमची नव्हती. ज्या मीर उस्मान अली खानांच्या नावाचे विद्यापीठ, त्यांच्याच नावाचे आमचे उस्मानाबाद. २०२३ मध्ये कागदोपत्री धाराशिव झाले, तोपर्यंत माझ्या शाखेच्या पाटीवर हेच नाव होते. घरात मराठी, बाजारात मराठी, तुळजाभवानीला नवस मराठीत, आणि शिवाजी महाराजांवरचे उत्तर लिहायचे ते उर्दूत. उत्तरात चूक झाली ती इतिहासाची की व्याकरणाची, हे परीक्षकाने ठरवायचे. १९३८ साली तर उस्मानियाच्या वसतिगृहातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांना काढूनच टाकले. पेपर न लिहिताच नापास! नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले, म्हणून त्यांची वर्षे वाचली. त्या मुलांत पी. व्ही. नरसिंह राव होते.

याच जिल्ह्यात, आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा या खेड्यात, १९२१ साली काही मंडळींनी राष्ट्रीय शाळा काढली होती. निजामाच्या राज्यात, मराठीतून, आपले आपण. पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले ते तिथे मुख्याध्यापक होते. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करण्याआधी या माणसाने आमच्या जिल्ह्यात मुलांच्या वह्या तपासल्या आहेत.

हिप्परग्याचा विषय मुद्दाम काढला. माझी भाची इथेच बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. तिच्या पेपरात मुक्तिसंग्रामातल्या राष्ट्रीय शाळांवर दहा मार्कांचा प्रश्न आला. पोरगी सुट्टीत एस. टी. ने हिप्परग्याला जाऊन आलेली. म्हाताऱ्या माणसांशी बोललेली. तिने ते सगळे उत्तरात ओतले. सरांच्या नोट्समध्ये पाच मुद्दे होते. तिच्या उत्तरात ते पाचही होते, पण गोष्टीच्या पोटात, आकडे न घालता. मिळाले चार. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने गाईडमधले पाच मुद्दे ओळीने, खाली रेघा मारून उतरवले. तिला आठ.

भाचीने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि ती घेऊन माझ्याकडे आली. मामा बँकेत आहे, त्याला हिशेबातले कळते, हा आमच्या घराण्यातला जुना गैरसमज. मी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे आधी पानापानावरची बेरीज करून पाहिली.

“बेरीज बरोबर आहे,” मी म्हटले.

“मामा, बेरीज काय बघायलात? आतलं बघा की!”

मी आतले पाहिले. चार पानांचे उत्तर. पहिल्या पानावर एक बरोबरची खूण. दुसऱ्यावर एक उभी रेघ, ती खूण होती की पेन चालते का पाहिले होते, ते कळायला मार्ग नव्हता. तिसरे पान कोरे, म्हणजे परीक्षकाच्या बाजूने. चौथ्याच्या शेवटी गोलात चार. एक अक्षर कुठे नाही. ‘छान’ नाही, ‘वाईट’ नाही, ‘मुद्दे कुठे?’ नाही, काही नाही.

नियम असा आहे की गुणपडताळणीत बेरीज पाहतात आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का ते पाहतात. म्हणजे माझे काम. चार का दिले, हे त्यात येत नाही. ते हवे असेल तर पुनर्मूल्यांकन, त्याची फी वेगळी, आणि तिथे दुसरा परीक्षक दुसरा आकडा देतो. कारण तोही देत नाही.

परीक्षकांची बाजू मला कळत नाही असे नाही. एप्रिलचा महिना, धाराशिवचे ऊन, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, समोर गठ्ठे आणि एका पेपरामागे मिळणारे पैसे असे, की त्यात चहा आला तर बिस्किट येत नाही. अशा माणसाला गोष्टीच्या पोटातला मुद्दा शोध म्हणणे म्हणजे आमच्या कॅशियरला प्रत्येक नोटेवरचे गांधीजी हसतात का ते पाहायला सांगण्यासारखे आहे. रेघ मारलेला मुद्दा लगेच दिसतो. आठ देऊन पान उलटता येते.

तरी मी भाचीची समजूत घालावी म्हणून तिला रानड्यांची आणि ग्रँटसाहेबांची गोष्ट सांगितली. एवढ्या मोठ्या माणसावरही अन्याय झाला, तू तर काय, अशा धर्तीवर. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “मामा, त्यांचं बरं होतं की. साहेबानं निबंध वाचला तरी. समोर बोलावून का ते सांगितलं. मला कोण सांगणार?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ग्रँटसाहेबांचा एवढा चांगला वकील आमच्या घरात निघेल, असे मला वाटले नव्हते. पण पोरीचे म्हणणे खोडता येत नाही. साहेबाने शिक्षा केली ती चूकच. पण ती निबंध पुरता वाचल्याशिवाय करता आली नसती, आणि रानड्यांना आपण काय म्हटल्यामुळे काय झाले हे स्वच्छ कळले होते. ज्याच्याशी भांडायचे तो मुद्दा त्यांच्या हातात होता. गोलातल्या चाराशी कसे भांडणार?

“आणि दुसऱ्या सरांनी तपासलं म्हणजे खरं निघंल का?” हा तिचा पुढचा प्रश्न. यावर मात्र कॉमर्सवाल्याकडे उत्तर आहे.

एजवर्थ नावाचा इंग्लंडमधला एक अर्थशास्त्रज्ञ. कॉमर्सच्या पोरांना तटस्थता वक्र म्हणून जो छळतो, त्याची मूळ कल्पना याची. १८८८ साली त्याने परीक्षांच्या मार्कांचा हिशेब मांडला. लॅटिनमधला एकच उतारा अठ्ठावीस जाणत्या परीक्षकांनी तपासला, तर मार्क पडले ४५ पासून १०० पर्यंत. उतारा एकच, शाई तीच, चुका त्याच. आमच्या बँकेत नोटांचे एकच बंडल दोघांनी मोजले आणि एकाचे ४५ आणि दुसऱ्याचे १०० निघाले, तर त्या रात्री कुणी घरी जात नाही. एजवर्थ एवढ्यावर थांबला नाही. दोन वर्षांनी, स्पर्धेच्या परीक्षांचा हिशेब काढून त्याने सांगितले की पास झालेल्यांपैकी तिसरा हिस्सा ते फार तर दोन तृतीयांश खात्रीचे. बाकीच्यांचे परीक्षक बदलले असते तर निकालही बदलू शकला असता. ज्या परीक्षांतून हिंदुस्थानवर राज्य करायला कलेक्टर येत, त्या याच पठडीतल्या. आपल्यावर दीडशे वर्षे राज्य करणाऱ्यांतले किती जण नजरचुकीने आले असतील, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

१९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीच्या एका उत्तरपत्रिकेच्या प्रती शाळाशाळांत पाठवल्या. १४२ शिक्षकांनी ती तपासली. मार्क ६४ पासून ९८ पर्यंत. लोक म्हणाले, भाषा आहे, चालायचेच. म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी भूमिती पाठवली. भूमितीत तरी त्रिकोणाला तीनच कोन असतात. तिथे मार्क २८ पासून नव्वदीच्या पलीकडे गेले!

आणि इतिहासाचे काय, तर तेही आहे, आणि ते करणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. सर फिलिप हार्टोग. हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि हिंदुस्थानातल्या शिक्षणावर १९२९ साली अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष. आयुष्यभर परीक्षा घेऊन झाल्यावर त्यांना परीक्षांचीच परीक्षा घ्यावीशी वाटली. ऱ्होड्स नावाच्या संख्याशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी १९३५ साली पुस्तक काढले. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका घेतल्या, मूळ परीक्षेत सगळ्यांना सारखेच मध्यम मार्क पडलेल्या. त्या पंधरा परीक्षकांना दिल्या. मग वर्ष-दीड वर्ष जाऊ दिले आणि त्यांतल्या चौदा जणांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला दिल्या. चौदा गुणिले पंधरा, २१० निकाल. त्यांतले ९२ बदलले! लक्षात घ्या, दुसऱ्याशी जुळले नाहीत असे नव्हे. ज्याचे त्याच्याशी जुळले नाहीत. ज्या मास्तरांनी पहिल्यांदा पास म्हटले होते त्यांनीच नंतर नापास म्हटले, किंवा उलटे. बँकेत आम्ही अशा माणसाची सही जुळत नाही म्हणून चेक परत करतो.

भाचीने हे आकडे वहीत उतरवून घेतले. “म्हणजे माझे चार हे चार नाहीत,” ती म्हणाली. मी म्हटले, नाहीत. “आणि तिचे आठ पण आठ नाहीत.” मी म्हटले, तेही नाहीत. “मग पुढच्या खेपेला मी काय लिहू?” यावर मी घड्याळ पाहिले आणि जेवायला वेळ झाला म्हणालो. तिच्या आईचे मत स्पष्ट होते: गाईड. मार्कशीटवर हिप्परगा लिहून येत नाही, आठ लिहून येतात.

रानड्यांनी काय केले ते मात्र नोंदलेले आहे. सहा महिने शिष्यवृत्तीवाचून काढले. वाचत राहिले. एम. ए. केले, वकिलीची परीक्षा दिली, न्यायाधीश झाले, हायकोर्टात बसले. ज्या विद्यापीठाने मराठी अभ्यासक्रमातून बाजूला सारली होती, त्याच विद्यापीठात ती परत यावी म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. आणि १९०० साली, म्हणजे त्या निबंधानंतर चाळीसएक वर्षांनी आणि मृत्यूला जेमतेम काही महिने उरले असताना, ‘मराठ्यांच्या सत्तेचा उदय’ हे पुस्तक इंग्रजीत काढले. त्यात ग्रँट डफचा वणवा घेतला आणि तो वणवा नव्हता, हे सविस्तर सांगितले: त्यामागे लोक होते, संतांनी केलेली मशागत होती, जातीजातींतून आलेली माणसे होती. विशीत जे पारडे जड ठरवले होते ते साठीला टेकताना पुन्हा काट्याला लावून दाखवले. या वेळी मार्क द्यायला ग्रँटसाहेब नव्हते. ते १८६८ साली एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख होऊन गेले होते आणि १८८४ साली वारलेही होते.

परवा भाचीचे गाईड सहज चाळत होतो. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाची कारणे, रानडे यांच्या मते. दहा मार्क. खाली उत्तर दिले आहे: मुद्दे पाच, प्रत्येकी दोन मार्क, प्रत्येक मुद्द्याखाली रेघ. चौथा मुद्दा संतांचा आहे, तो दोन ओळींत संपतो. कंसात सूचना आहे की वेळ कमी असेल तर हा मुद्दा गाळला तरी चालेल.